आधीच केलेली खूण

सुपेल्यातल्या दुकानातून सोफा घरी नेलेल्या माणसाला पुढचे कित्येक दिवस मोबाईलवर सोफेच दिसत राहतात. मग तो वैतागून मला फोन करतो. “अहो, घेतला की एकदा! आता किती घेऊ?” भिलाई-दुर्गच्या दुकानदारांच्या आणि क्लासवाल्यांच्या ऑनलाइन जाहिराती लावणं हा माझा धंदा, त्यामुळे शिव्या खाण्याचा मानही माझाच.

त्या सोफ्यामागचं कारण साधं आहे. माणसाने सोफा बघितला वेबसाइटवर आणि घेतला दुकानात, घासाघीस करून, यूपीआयने पैसे देऊन. वेबसाइटला त्या खरेदीचा पत्ताच नाही. तिच्या लेखी तो ‘बघून गेला, घेतला नाही’ या यादीत पडून आहे, आणि आमच्या धंद्यात याच यादीला सगळ्यात जास्त भाव असतो. यंत्र मूर्ख नसतं. त्याला अर्धी गोष्ट कळलेली असते आणि उरलेली अर्धी सुपेल्यात घडलेली असते.

दुसरा ठरलेला प्रश्न फोनच्या कानांचा. रिसालीच्या एका काकूंनी मला दरडावूनच विचारलं, “फोन आपलं बोलणं ऐकतो, हे खरं ना रे?” घरात भाचीच्या लग्नाचा नुसता विषय निघाला आणि संध्याकाळपासून त्यांच्या फोनवर पैठण्या सुरू झाल्या होत्या. मी विचारलं, घरातल्या वायफायला कुणाकुणाचे फोन जोडलेत? सगळ्यांचे. भाची राहायला आली होती का? हो, आली होती की, रात्र रात्र साड्या बघत बसायची. एका वायफायवरचे सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून आलेले दिसतात, जाहिरातवाले ते एकच घर धरतात आणि भाचीने बघितलेली पैठणी मावशीला दाखवतात. त्यात ऐकायची गरज कुठे आली? काकूंना काही हे पटलं नाही. फोन ऐकतो, हेच त्यांना जास्त बरं वाटत असावं. निदान घरात कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय.

गंमत म्हणजे हेच यंत्र गावाच्या बाबतीत पार आंधळं होऊ शकतं. छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन पाव शतक झालं, पण मोबाईल कंपन्यांच्या नकाशात मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ अजून एकच सर्कल आहे. फोनचं लोकेशन बंद असेल आणि नुसत्या आयपीवरून गाव ओळखायचं असेल, तर भिलाईच्या सेक्टर सहामध्ये बसलेला माणूस कधी इंदूरमध्ये दिसतो, कधी भोपाळमध्ये. एका मिठाईवाल्याचे दिवाळीचे पैसे इंदूरकरांना पेढे दाखवण्यात जाताना मी डोळ्यांनी पाहिलेत. लोकेशन चालू असलं, की हीच जाहिरात सिव्हिक सेंटरच्या भोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढून त्याच्या आत बसवता येते.

एक पान उघडतं तेव्हा काय होतं, तेही सांगून टाकतो. तुम्ही बातमीवर बोट ठेवता. बातमी दिसण्याआधीच, सेकंदाच्या एखाद्या दशांशात, त्या पानावरच्या रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो. कुठलं पान, कुठला फोन, साधारण कुठलं गाव आणि या ब्राउझरचा ओळख क्रमांक, एवढं सगळं बोली लावणाऱ्या कंपन्यांकडे जातं. त्यांची यंत्रं आपापसात बोली लावतात, जिंकणाऱ्याची जाहिरात चौकोनात येते. हरलेल्यांनाही तुम्ही कुठलं पान वाचायला घेतलंत ते कळलेलं असतंच.

या कारभाराचा पाया म्हणजे कुकी, ब्राउझरने तुमच्याच संगणकात ठेवलेली एक इवलीशी नोंद. तिच्या पडद्यामागचे किस्से मला माझ्या धंद्यातल्या किश्श्यांहून जास्त आवडतात. गेली तीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या, न्यू जर्सीतल्या, रेडमंडच्या बंद खोल्यांमध्ये पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवरून भांडण झालं आहे. माणूस ब्राउझर पहिल्यांदा उघडतो तेव्हा खूण कुठल्या चौकटीत आधीच केलेली असावी? बाकी तत्त्वाच्या गप्पा सगळे मारतात. आत बसलेल्यांना पक्कं ठाऊक असतं, की शंभरातले बहुतेक लोक ती खूण आयुष्यात हलवणार नाहीत.

पहिली खोली नेटस्केप या ब्राउझर कंपनीची. वर्ष १९९४. लू माँटुली हा विशीतला पोरगा कंपनीचा नववा कर्मचारी. कॅन्सस विद्यापीठात असताना लिंक्स नावाचा, नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर घडवण्यात त्याचा हात होता. नेटस्केपपुढे तेव्हा एक व्यावहारिक अडचण आली. एमसीआय या टेलिफोन कंपनीला वेबवर दुकान चालवायचं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. वेबला त्या काळी स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावर वस्तू टोपलीत टाकून दुसऱ्या पानावर गेलं की दुकान विचारणार, आपण कोण?

सोपा उपाय समोर होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा. माँटुलीने तो बाद केला, कारण मग सगळ्या साइटना एकच क्रमांक दिसला असता आणि माणसाचा माग काढणं पोरखेळ झालं असता. त्याऐवजी त्याने ठरवलं, की प्रत्येक साइटने आपापली नोंद ठेवावी आणि ती फक्त त्याच साइटला परत मिळावी. जॉन जियानांड्रिया या सहकाऱ्यासोबत त्याने पहिला आराखडा लिहिला. म्हणजे पाळतीचं जगातलं सगळ्यात मोठं हत्यार ज्याच्या नावावर लागलं, त्याने ते पाळत टाळण्यासाठी घडवलं होतं. कुकी सांभाळणारा नेटस्केपचा ब्राउझर १३ ऑक्टोबर १९९४ ला लोकांच्या हाती आला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला हॉटवायर्ड या मासिकाच्या साइटवर एटी अँड टीची बॅनर जाहिरात झळकली, वेबवरच्या अगदी पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एक. दोघांची अजून ओळख व्हायची होती.

ती झाली एका फटीतून. पान एका साइटचं असलं तरी त्यावरचं चित्र दुसऱ्याच सर्व्हरवरून येऊ शकतं, आणि त्या चित्रासोबत तो सर्व्हरही आपली कुकी ठेवू शकतो. सिव्हिक सेंटरमधल्या प्रत्येक दुकानाच्या दारात एकच माणूस वही घेऊन बसलाय, अशी कल्पना करा. पुस्तकवाल्याकडे गेलात, लिहिलं. औषधवाल्याकडे गेलात, लिहिलं. दुकानदारांना एकमेकांचं गिऱ्हाईक माहीत नाही, वहीवाल्याला मात्र तुमचा अख्खा दिवस पाठ. जाहिरात कंपन्यांनी बरोबर हीच जागा धरली. डबलक्लिक ही त्यातली सगळ्यात नावाजलेली, १९९६ मध्ये उभी राहिलेली.

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये टिम जॅक्सन यांनी कुकीवर लेख लिहिला, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला कळलं, की आपल्या संगणकात कुणीतरी नोंदी ठेवून जातंय. तोवर ब्राउझरने ना विचारलं होतं, ना सांगितलं होतं. आता नेटस्केपपुढे प्रश्न आला. परक्या साइटच्या या कुकी बंद करायच्या का? हा निर्णय आपण घेतला, असं माँटुलीने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याचा हिशेब असा होता, की इथे बंद केल्या तर जाहिरातवाले दुसरी, न दिसणारी वाट शोधतील. कुकी निदान दिसते, पुसता येते. शिवाय फुकट साइट जाहिरातींवर जगत होत्या. त्याने कुकी चालू ठेवल्या आणि बंद करायचं बटण सेटिंगमध्ये दिलं. हा युक्तिवाद मी बरीच वर्षं मनात घोळवला आहे आणि तो अर्धा खरा निघाला, हे मान्य करावं लागतं. न दिसणाऱ्या वाटा शोधल्या गेल्याच. फक्त कुकी चालू ठेवूनही शोधल्या गेल्या.

दुसरी खोली जास्त मजेची. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत कुकीचं प्रमाण ठरवायला गट बसला. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल त्याचा मसुदा लिहीत होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये तो आरएफसी २१०९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. परक्या साइटच्या कुकी ब्राउझरने घेऊ नयेत, कुणाला घ्यायच्याच असतील तर तशी सोय द्यावी, पण ती सोय मुळात बंद असावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. जाहिरात कंपन्यांनी हरकतींचा पाऊस पाडला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मसुद्यातलं बाकी जमेल तेवढं घेतलं आणि हे एक कलम तेवढं सोडून दिलं. आता या दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर लेखकांची नावं बघा. क्रिस्टल यांच्या खाली दुसरं नाव लू माँटुलीचं आहे, पत्ता नेटस्केपचा. एका हाताने ‘बंद ठेवा’ असं प्रमाण लिहिलं आणि दुसऱ्या हाताने चालू ठेवलेला ब्राउझर जगभर वाटला गेला. मला यात लबाडी दिसत नाही. सकाळी समितीत एक टोपी, दुपारी कंपनीत दुसरी, असं भिलाई स्टील प्लांटच्या युनियनमध्येही पाहायला मिळतं.

डबलक्लिकने मात्र मर्यादा सोडली. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. अबॅकसकडे अमेरिकेतल्या कोट्यवधी कुटुंबांच्या टपालाने मागवलेल्या मालाच्या नोंदी होत्या, नावापत्त्यांसकट. निनावी कुकी आणि हे नावपत्ते जोडायचा बेत बाहेर फुटला तसा गदारोळ उडाला, आणि मार्च २००० मध्ये प्रमुख केव्हिन ओ’कॉनर यांनी चूक झाल्याची कबुली देऊन बेत गुंडाळला. पुढे डबलक्लिक गुगलने ३.१ अब्ज डॉलरला घेतली. व्यवहार जाहीर झाला २००७ मध्ये, पुरा झाला मार्च २००८ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने स्वतःचा ब्राउझर काढला, क्रोम. वहीवाल्यानेच आता रस्ता बांधायला घेतला.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. २००८ मध्येच रेडमंडला मायक्रोसॉफ्टचे लोक इंटरनेट एक्सप्लोरर ८ घडवत होते. तेव्हा फायरफॉक्स त्यांचं गिऱ्हाईक खात होता, आणि नवं काहीतरी दाखवायला हवं होतं. ब्राउझरची आखणी करणाऱ्या गटाने प्रस्ताव मांडला, की माग काढणारे परके तुकडे ब्राउझरने आपोआप अडवावेत, कुणालाही काही करायला न लावता. झालं असतं तर जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा ब्राउझर त्या दिवशी जाहिरातवाल्यांना बंद झाला असता. पण त्याच कंपनीने वर्षभर आधी ऑनलाइन जाहिरातीतली एक्वांटिव्ह ही कंपनी सहा अब्ज डॉलरच्या घरात विकत घेतली होती, आणि तिचे प्रमुख ब्रायन मॅकअँड्र्यूज आता मायक्रोसॉफ्टमध्येच वरच्या खुर्चीत होते. जाहिरात विभागाला प्रस्तावाची कुणकुण लागली. बैठका झाल्या, बाहेरच्या जाहिरात संघटनांनाही बोलावलं गेलं.

शेवटी जे निघालं ते कारकुनी बुद्धीचं शिखर होतं. अडवण्याची सोय ठेवली, काढली नाही. ती मुळात बंद ठेवली. आणि एखाद्या चिवट माणसाने शोधून चालू केलीच, तर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर ती पुन्हा बंद. रोज सकाळी नव्याने चालू करा! हा सगळा वृत्तान्त ऑगस्ट २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापला तेव्हा लोकांना कळला. आणि ज्या कंपनीसाठी हा आटापिटा केला, तिची ६.२ अब्ज डॉलरची किंमत मायक्रोसॉफ्टने जुलै २०१२ मध्ये वहीतून चक्क खोडून टाकली.

ॲपलचं जाहिरातीवर पोट नव्हतं, म्हणून २००३ मध्ये आलेल्या सफारीत परक्या कुकी पहिल्या दिवसापासून बंद होत्या. तिथे गुगलची अडचण झाली. मग एक युक्ती सापडली. सफारीचा नियम होता, की माणसाने एखाद्या साइटला स्वतःहून काही फॉर्म भरून पाठवला तर तिची कुकी चालेल. गुगलच्या जाहिरातीत एक अदृश्य फॉर्म घातला गेला, आणि तो माणसाच्या नावाने आपला आपणच भरून जाई. स्टॅनफर्डमधल्या जोनाथन मेयर या संशोधक विद्यार्थ्याने ते पकडलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये बातमी आली. गुगलचं मदतीचं पान तर सफारीवाल्यांना सांगत होतं, की तुमच्या ब्राउझरची मूळ सेटिंग पुरेशी आहे, तुम्ही काही करू नका. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने याच वाक्याला धरून २.२५ कोटी डॉलरचा दंड लावला.

मग आली ‘माझा माग काढू नका’ ही विनंती. ब्राउझर प्रत्येक साइटला एक ओळीचा निरोप पाठवणार, आणि साइटने तो मानायचा. मानला नाही तर? काही नाही. फायरफॉक्सने २०११ मध्ये ही सोय दिली. जाहिरातवालेही चर्चेला बसले, कारण हे बटण कोण दाबणार होतं? मूठभर लोक. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने, बहुधा जुने हिशेब चुकते करायला, इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हे बटण आधीच दाबून ठेवायचं जाहीर केलं आणि खेळ संपला. हा निरोप माणसाच्या मनातला नाही, कंपनीच्या मनातला आहे, म्हणून आम्ही मानणार नाही, असा पवित्रा उद्योगाने घेतला. या प्रमाणाचेच एक संपादक रॉय फील्डिंग यांनी अपाची सर्व्हरमध्ये अशा ब्राउझरचा निरोप बाजूला टाकणारा बदल सुचवला. गेली पंधरा वर्षं मुळात चालू असलेली कुकी मात्र कुणाच्या मनातली होती, हे त्या बैठकांत कुणी विचारलं की नाही कोण जाणे. जानेवारी २०१९ मध्ये हे प्रमाण ठरवणारा गट विसर्जित झाला. त्याच वर्षी ॲपलने हे बटण काढूनच टाकलं. कारण ते चालू ठेवणारे इतके थोडे, की त्या खुणेवरूनच माणूस ओळखू येण्याची भीती.

ही भीती हवेतली नव्हती. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, भरलेले फाँट अशा फुटकळ गोष्टी एकत्र करून पाहिल्या, तर त्यांच्या नमुन्यातले ८३.६ टक्के ब्राउझर इतर कुणाशीच जुळत नव्हते. कुकी पुसा, नका पुसू. मराठी आणि हिंदीचे दोन-चार हौशी फाँट ज्याने संगणकात भरून ठेवलेत, त्याला तर लपायला जागाच नाही.

भिलाईपर्यंत थेट आलेला किस्सा मार्च २०२१ चा. गुगलने कुकीला पर्याय म्हणून फ्लॉक नावाची पद्धत काढली. तुम्ही कुठल्या साइट बघता त्यावरून ब्राउझरच तुम्हाला हजारो सारख्या लोकांच्या एका गटात टाकणार आणि त्या गटाचा क्रमांक जाहिरातवाल्यांना सांगणार. चाचणीसाठी निवडलेल्या दहा देशांत भारत होता. युरोप नव्हता, तिथे कडक कायदा होता. क्रोम वापरणाऱ्यांतल्या अर्ध्या टक्क्याच्या ब्राउझरमध्ये ही चाचणी सुरू झाली, कुणालाही न विचारता. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्या देशात जवळजवळ प्रत्येक हातात अँड्रॉइड आणि प्रत्येक अँड्रॉइडमध्ये क्रोम आहे, तिथे तो किती होतो ते तुम्हीच बघा. आपला ब्राउझर त्यात आहे का, हे बघायला एकर्सलींच्याच जुन्या संस्थेने एक साइट काढली, म्हणून निदान कळायची सोय झाली. जानेवारी २०२२ मध्ये फ्लॉक बासनात गेलं.

आणि कुकी? १४ जानेवारी २०२० ला गुगलने जाहीर केलं, की दोन वर्षांत परक्या कुकी क्रोममधून जातील. आमच्या धंद्यात सुतक पसरलं. कार्यशाळा निघाल्या, ‘कुकीनंतरचं जग’ असे वर्ग भरले, त्यांच्या जाहिराती अर्थातच कुकीच्या जोरावर माझ्या मागे लागल्या. मुदत २०२३ झाली, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४ मध्ये कळलं, की आता काढत नाही, लोकांना विचारू. एप्रिल २०२५ मध्ये कळलं, की विचारतही नाही. सफारीने तोवर दारं पार लावून घेतली होती, फायरफॉक्सनेही २०१९ मध्ये ओळखीचे माग काढणारे मुळातच अडवायला सुरुवात केली होती. परक्या कुकी चालू राहिल्या त्या सगळ्यात मोठ्यात, क्रोममध्ये.

क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीबद्दल थोडक्यात. तत्काळचं तिकीट असो की घरच्यांपासून लपवायचं काही, आपल्याकडे त्या काळ्या खिडकीवर देवासारखी श्रद्धा. २०२० मध्ये अमेरिकेत त्यावर खटला भरला गेला आणि गुगलच्या आतले निरोप न्यायालयात आले. स्वतःचे इंजिनिअरच त्या टोपी-चष्म्याच्या चिन्हावर विनोद करत होते. विपणन प्रमुख लॉरेन ट्वोहिल यांनी २०२१ मध्ये सुंदर पिचाईंना लिहिलं होतं, की ही सोय पुरती खाजगी नसल्याने तिची जाहिरात करताना आपल्याला गुळमुळीत भाषा वापरावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये तडजोड झाली आणि अब्जावधी जुन्या नोंदी पुसायचं गुगलने कबूल केलं. त्या खिडकीने इतिहास लपतो तो घरच्यांपासून. समोरच्या साइटला तुम्ही दिसताच.

हे सगळं परक्यांचं पाप, असं समजून कुणी समाधान मानू नये. बंगळुरूच्या इनमोबी या जाहिरात कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाने साडेनऊ लाख डॉलर भरायला लावले. लोकांनी लोकेशन नाकारलं तरी भोवतालच्या वायफायच्या नावांवरून ती त्यांचा ठिकाणा काढत होती, आणि त्यात लहान मुलांच्या ॲपवरची मुलंही होती. आपल्याकडच्या कायद्याला तेव्हा या गोष्टीचं नावही माहीत नव्हतं.

कायद्याची सुरुवात झाली ती न्यायालयात, खाजगीपणावरच्या एका निकालाने, आणि त्या निकालाला या मुलखाचा एक धागा आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ ला झाला तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. पुढे तो नव्या मध्य प्रदेशात गेला, उच्च न्यायालय जबलपूरला. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येते का, हा खटला ज्या नावाने इतिहासात गेला तो ‘एडीएम जबलपूर’. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, येत नाही. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या धनंजय चंद्रचूड यांनी वडील ज्यात सामील होते तो जबलपूरचा निकाल मोडीत काढला. पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते, मध्य प्रदेश उच्च न्यायालयात वकिली केलेले अभय सप्रेही होते. वर्तमानपत्रांना त्यात बापलेक दिसले. मी धंद्याच्या डोळ्यांनी वाचला, मला त्यात कुकी दिसली. लोकप्रिय साइट ब्राउझरमध्ये कुकी ठेवतात आणि तिच्यावरून माणसाचं वागणं टिपतात, हे चंद्रचूडांनी व्यवस्थित नोंदवलं आहे. १९९४ साली एमसीआयच्या टोपलीसाठी केलेली तजवीज तेवीस वर्षांनी दिल्लीच्या घटनापीठापर्यंत पोचली.

त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, प्रसिद्ध झाले ते नेमके बालदिनी. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्या दिवसापासून अठरा महिन्यांची मुदत दिली. भिलाईच्या दृष्टीने यातलं नववं कलम म्हणजे बॉम्ब आहे. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत. आणि मूल म्हणजे अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण.

या गावात नववी ते बारावीची मुलं हाच तर बाजार आहे. नेहरूनगर आणि सिव्हिक सेंटरचे क्लास त्यांच्यावर चालतात, त्यांच्या जाहिराती माझ्याकडे येतात. चौकशीला आलेल्यांच्या फोन नंबरांची यादी जाहिरातीच्या यंत्रात चढवायची आणि ‘यांच्यासारखे आणखी शोध’ म्हणून सांगायचं, हे रोजचं काम. त्यात मुलं वापरतात बापाचा फोन. प्लांटमधले एक काका निवृत्तीला टेकलेत, पण यंत्राच्या लेखी ते ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचे आणि पबजीचे सारखेच शौकीन आहेत. वय पन्नाशीच्या पुढचं असल्याने त्यांना हेरायला कायद्याची आडकाठी नाही.

नियम आले तसा मी एका क्लासच्या मालकांकडे गेलो. मूळचे गोंदियाचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. वेबसाइटवरचा पिक्सेल, म्हणजे माग काढणारा तुकडा, काढावा लागेल, चौकशीच्या फॉर्ममध्ये वय विचारावं लागेल, अठराखालच्यांची यादी यंत्रात चढवता येणार नाही, असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

“पण भाऊ, आपण तं शिक्षण संस्था आहोत न? नियमात शिक्षण संस्थेला सूट आहे म्हणते माझा सीए.”

सूट आहे, मी म्हटलं, पण शिकवण्यापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. वर्गात मूल आलं की नाही हे बघायला. फेसबुकवर त्याच्या मागे लागायला नाही.

त्यांनी फॉर्मचा कागद पुढे ओढला, वयाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि थोडा विचार केला.

“असं करू. ‘माझं वय अठरा पूर्ण आहे’ असा एक चौकोन टाकू. आणि त्याच्यात ती बरोबरची खूण आपणच आधी करून ठेवू. ज्याला काढायची, तो काढंन. जमते का?”

जमते म्हणालो. कोडमध्ये एका शब्दाचं काम आहे.